पंजाब : तिसरा हिस्सा लोकसंख्या, पण जमीन कुणाची?

पंजाब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाची शेते, ट्रॅक्टर आणि जाट शेतकरी येतो. पंजाबचे हे चित्र खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबची लोकसंख्या २ कोटी ७७ लाख. त्यात अनुसूचित जाती ८८ लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास ३२ टक्के. देशातल्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण एवढे नाही. आपल्या महाराष्ट्रात ते १२ टक्क्यांच्या आत आहे.

मग हा तिसरा हिस्सा समाज शेतजमिनीत कुठे आहे? त्याचा वाटा चार टक्क्यांनाही पोचत नाही.

हे आपोआप घडलेले नाही. १९०० साली इंग्रज सरकारने पंजाब जमीन हस्तांतरण कायदा केला. सावकारांपासून शेतकरी वाचवणे हे त्याचे सांगितलेले कारण. पण 'शेतकरी जाती' कोण, याची यादी सरकारने ठरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच शेतात राबणारे अस्पृश्य त्या यादीत नव्हते. पैसे असले तरी शेतकरी जातीची जमीन त्यांना विकत घेता येईना. जातीने जे आधीच केले होते, त्यावर कायद्याने शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर कायदा गेला, पण तोवर जमिनीची वाटणी पक्की झाली होती.

भूगोलही समजून घेतला पाहिजे. रावी आणि बियासमधला माझा, बियास आणि सतलजमधला दोआबा, सतलजच्या दक्षिणेचा माळवा. दोआब्यात जालंधरच्या चामड्याच्या धंद्याने आणि पुढे परदेशातल्या मजुरीने काही घरांना जमीनदाराच्या दारातून सोडवले. ज्याची भाकरी जमीनदाराच्या हातात नाही, तोच मान वर करू शकतो. म्हणून १९२६ मध्ये होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावी, गदर चळवळीतून आलेल्या मंगू राम यांच्या नेतृत्वाखाली आद धर्म चळवळ उभी राहिली. आम्ही हिंदू नाही, शीख नाही, आमचा धर्म वेगळा, असे तिने जाहीर केले. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी 'आद धर्मी' अशी नोंद करून घेतली. जनगणनेचा रकाना हे लढ्याचे हत्यार होते, हे आज जातनिहाय जनगणनेवर बोलताना आपण विसरू नये. बाबासाहेब १९५१ मध्ये जालंधरला गेले, ते याच भूमीत. कांशीरामजी रोपड जिल्ह्यातले. पुण्यात नोकरी करताना त्यांना आंबेडकर सापडले.

तरीही पंजाबात बहुजन सत्ता का आली नाही? अनुसूचित जातींच्या यादीत तिथे ३९ जाती आहेत. मजहबी शीख, वाल्मीकी, रविदासी, आद धर्मी. कुणी गुरुद्वाऱ्याशी, कुणी मंदिराशी, कुणी डेऱ्याशी बांधलेला. ३२ टक्के हा आकडा कागदावर एक आहे, गावात तो तुकड्यांत आहे. १९९२ मध्ये बसपाचे नऊ आमदार निवडून आले, पण अकाली दलाच्या मोठ्या गटाचा त्या निवडणुकीवर बहिष्कार होता, हेही लक्षात ठेवावे लागते.

माळव्यात मात्र वेगळा मार्ग दिसतो. १९६१ च्या गावसामाईक जमीन कायद्याने पंचायतीच्या कसण्याजोग्या जमिनीचा एक तृतीयांश भाग लिलावात अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. वर्षानुवर्षे जमीनदार आपल्याच सालदाराला पुढे करून त्याच्या नावाने बोली लावत आणि जमीन स्वतः कसत. २०१४ पासून संगरूर भागात जमीन प्राप्ती संघर्ष समितीने हे बनावट लिलाव रोखायला सुरुवात केली. लाठ्या खाल्ल्या, बहिष्कार सोसला आणि काही गावांत जमीन मिळवून ती सामुदायिक पद्धतीने कसली. बायका यात पुढे होत्या, कारण जनावरांसाठी चारा आणायला दुसऱ्याच्या बांधावर जाऊन शिव्या आणि अपमान त्यांनाच सोसावे लागत होते.