ट्रकच्या बॅटरीची झीज: मोजमापाचा इतिहास

बॅटरीबाबत दोन गोष्टी मोजता येतात. एक म्हणजे ती या घडीला किती भरलेली आहे, आणि दुसरी म्हणजे पूर्ण भरल्यावर तिच्यात एकूण किती वीज मावते. पहिली गोष्ट रोज बदलते. दुसरी हळूहळू आणि कायमची घटत जाते, आणि तिलाच झीज म्हणतात. पहिलीसाठी सोपी साधने लवकर मिळाली. दुसरी मोजायला मात्र बॅटरी पूर्ण भरून, ठरावीक वेगाने रिकामी करून, बाहेर पडलेली वीज मोजण्याइतका भरवशाचा उपाय दीडशे वर्षांत दुसरा सापडलेला नाही. जालन्यासारख्या ट्रकांवर चालणाऱ्या गावात या मोजमापाची साधने पिढीगणिक बदलली, तरी अडचण तीच राहिली.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. 1881 मध्ये कामिय फोर याने शिशाच्या प्लेटांवर लेप चढवण्याची रीत काढली आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. 1897 मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म पॉयकर्टने एक महत्त्वाचा नियम मांडला: वीज जितक्या वेगाने ओढावी तितकी ती एकूण कमी मिळते. त्यामुळे बॅटरीची क्षमता सांगताना किती तासांत रिकामी केली तेही सांगावे लागते. गाडीच्या बॅटरीवरचा आकडा साधारणपणे 20 तासांचा असतो. 100 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 5 अँपिअरने 20 तास चालणारी; 50 अँपिअरने ती 2 तास चालत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत विजेवरचे ट्रक माल वाहत होते. त्यांतल्या अनेकांवर सँगॅमो कंपनीचा अँपिअर-तास मीटर असे. बॅटरीत गेलेली आणि तिच्यातून निघालेली वीज तो मोजत राही. भरताना होणारी घट धरण्यासाठी त्याचा काटा भरतीच्या वेळी मुद्दाम थोडा हळू फिरे. पेट्रोलच्या गाड्यांनी हे ट्रक मागे टाकले आणि बॅटरीकडे फक्त इंजिन सुरू करण्याचे व दिवे लावण्याचे काम उरले. मोजणीची ही पद्धतही त्यांच्याबरोबर मागे पडली.

पुढचा मोठा काळ हायड्रोमीटरचा होता. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला गंधकाचा अंश प्लेटांत जातो आणि पातळ पदार्थ पाण्याकडे झुकतो. भरली की तो पुन्हा दाट होतो. रबरी फुगा दाबून ॲसिड काचेच्या नळीत ओढायचे आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते वाचायचे, एवढेच काम. थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.280 च्या आसपास ठेवतात. उष्ण हवेत दाट ॲसिड प्लेटा लवकर खाते, म्हणून भारतात ती अनेकदा 1.240 धरली जाते. कारागिराच्या तोंडी हाच आकडा ‘बाराशे चाळीस’ असा येतो. भारतीय मानकांत तापमानाचा आधार 27 अंश सेल्सिअस आहे. त्याच्यावर दर 10 अंशांमागे वाचनात सुमारे 0.007 मिळवावे लागतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही दुरुस्ती केली नाही तर चांगली बॅटरीही उतरलेली भासते.

हायड्रोमीटर भरणा सांगतो, झीज थेट सांगत नाही. तरी जाणकार त्यातूनही झीज ओळखत. ट्रकला 24 व्होल्ट लागतात, म्हणून दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि त्यांत मिळून बारा सेल असतात. रात्रभर चार्जिंगला लावूनही अकरा सेल वर आले आणि एक खालीच राहिला, तर तो सेल मेला असे समजायचे. सगळेच सेल वर येईनासे झाले तर प्लेटांना सल्फेट धरले. नळीतले ॲसिड काळपट दिसले तर प्लेटांचा लेप झडतो आहे. तिन्ही निदाने झाकणे उघडून घरच्या अंगणातही करता येत.

जालन्यात अशा कामाला तोटा नव्हता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे इथून गेली आणि कापूस-धान्याची पेठ वाढली. पुढे बियाण्यांचा उद्योग आला. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको सुरू केली. नंतर पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळयांच्या रोलिंग मिल उभ्या राहिल्या. भंगार आत येणे आणि सळई बाहेर जाणे, दोन्ही ट्रकवरच. 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा जालना व्यापारी गाव म्हणून आधीच जम बसवून होते. बॅटऱ्यांचे कारखानेही महाराष्ट्रात होते: आज एक्साइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने 1969 मध्ये चिंचवडला कारखाना काढला आणि 1998 मध्ये स्टँडर्ड बॅटरीजचे तळोजा व कांजूरमार्ग इथले कारखाने घेतले.

पाणी न घालता चालणाऱ्या बंद बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोमीटरची वाट बंद झाली. झाकणावरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो. बॅटरीवाल्याच्या हाती मग चिमटे लावून आकडा देणारे यंत्र आले. ते बॅटरीची विद्युतवाहकता मोजते. इंजिन फिरवण्याची ताकद त्यावरून बरी कळते. किती तास पुरेल ते मात्र अंदाजानेच.

2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर घरोघरी गेला आणि ‘किती तास’ हाच प्रश्न मुख्य झाला. त्याचे उत्तर जुन्या पद्धतीनेच मिळते. 12 व्होल्टचा 60 वॉटचा हेडलाइटचा बल्ब साधारण 5 अँपिअर घेतो. पूर्ण भरलेल्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तो लावायचा आणि व्होल्टेज 10.5 वर येईपर्यंत घड्याळ पाहायचे. 20 तास चालला तर बॅटरी नवी, 14 तास चालला तर क्षमता 70 टक्के.

लिथियम बॅटरीने यातली बरीच साधने निरुपयोगी केली. सोनीने 1991 मध्ये ती बाजारात आणली. 1997 मध्ये जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियम-लोह-फॉस्फेटचा शोध प्रसिद्ध केला. मालवाहू गाड्यांत आज हाच प्रकार बराच वापरला जातो. इथे उघडायला झाकण नाही आणि ग्रॅव्हिटीही नाही. व्होल्टेजही फारसे बोलत नाही, कारण या सेलचे व्होल्टेज बहुतेक प्रवासभर 3.3 च्या आसपास स्थिर राहते आणि अगदी शेवटी घसरते. ऋण टोकावर साचणारा पातळ थर, ज्याचे वर्णन इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये केले, लिथियम थोडे थोडे अडकवून ठेवतो आणि त्यातून झीज होते. गाडी उभी असली तरी हे चालू असते. उन्हाने आणि बॅटरी सतत पूर्ण भरून ठेवल्याने त्याचा वेग वाढतो. व्होल्टेजवरून फारसे कळत नसल्याने गाडीतला संगणक आत-बाहेर जाणाऱ्या विजेची बेरीज-वजाबाकी ठेवतो. सँगॅमोच्या मीटरची रीत अशी नव्या रूपात परत आली. बारीक चुका साचत जातात, त्यामुळे अधूनमधून पूर्ण भरून हिशेब जुळवून घ्यावा लागतो.

मे 2022 मध्ये टाटाने ‘छोटा हत्ती’ची विजेवरची आवृत्ती आणली. तिची बॅटरी 21.3 किलोवॉट-तासांची, म्हणजे 21.3 युनिटची होती. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जालना त्यावर आले. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठ्या ई-ट्रकांना अनुदान जाहीर झाले. त्यासाठी बॅटरीला पाच वर्षे किंवा 5 लाख किलोमीटरची हमी बंधनकारक झाली. 2022 च्या एका आंतरराष्ट्रीय नियमानुसार विजेवरच्या हलक्या मालवाहू गाड्यांत पाच वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरनंतर 75 टक्के, आणि आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरनंतर 65 टक्के क्षमता उरली पाहिजे.

घरी ही क्षमता तपासायला प्लगपाशी एक सबमीटर पुरतो. 21.3 युनिटची गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरू द्यायची आणि 100 टक्क्यांपर्यंत एका दमात भरायची. सबमीटरवर 17 युनिट पडले आणि चार्जरमध्ये दहावा हिस्सा वाया गेला असे धरले, तर बॅटरीत 15.3 युनिट गेले. ते 80 टक्क्यांचे; म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे 19.1 युनिट, मूळच्या 90 टक्क्यांच्या जवळ. यात दोन कच्चे दुवे आहेत. चार्जरची घट गृहीत धरलेली असते, आणि पडद्यावरची टक्केवारी हाही संगणकाचा अंदाजच असतो. त्यामुळे कंपनीच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा गाडी नवी असतानाचे वाचन लिहून ठेवणे आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चार्जरवर, तितक्याच टक्क्यांवरून पुन्हा मोजणे अधिक खात्रीचे. हमीचा दावा करताना मात्र कंपनीच्या केंद्रातला अहवालच चालतो.

या नोंदीला पूर्वी नसलेली किंमत आली आहे. शिशाची जुनी बॅटरी वजनावर जाते. 2001 च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकली, आणि ती किती झिजली याने भाव बदलत नाही. लिथियमची 70-80 टक्के उरलेली बॅटरी सौर वीज साठवायला पुन्हा वापरता येते, आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीही पुनर्वापराला जागा दिली आहे. जुन्या ई-ट्रकचा सौदा करताना मॉडेलच्या वर्षापेक्षा बॅटरीत उरलेले युनिट भाव ठरवतात, आणि ते पटवून द्यायला मालकापाशी वर्षावर्षाची नोंद लागते.