गोळीतलं एफेड्रिन

मला लहानपणापासून दमा आहे, म्हणून रिक डीमाँटची हकिगत वाचताना जीव तुटतो. १९७२, म्युनिक ऑलिंपिक. १६ वर्षांच्या या अमेरिकी पोराने जलतरणातली ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. आदल्या रात्री धाप लागली म्हणून त्याने नेहमीची मॅरॅक्सची गोळी घेतली होती, तिच्यात बंदी असलेलं एफेड्रिन. औषधाचं नाव त्याने आधीच अर्जात लिहून दिलं होतं. संघाच्या डॉक्टरांनी ते ऑलिंपिक समितीपर्यंत पोचवलंच नाही. सुवर्णपदक गेलं, १५०० मीटरची अंतिम फेरीही हुकली. चूक मोठ्यांची, शिक्षा पोराला! अशा औषधांसाठी आगाऊ परवानगीची जागतिक नियमावली ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने पुढे २००५ मध्ये लागू केली. डीमाँटला पदक परत मिळालं नाही.