पाषाणपात्राचा दीप : रूपांतर आणि पुरावा

प्राचीन कोरीव पाषाणपात्राच्या तळाला छिद्र पाडून त्यातून तार ओवावयाची आणि तोंडावर विजेचा दिवा बसवून ते मेजावर मांडावयाचे, ही पद्धत विजेच्या प्रसाराबरोबर पाश्चात्त्य दिवाणखान्यांत रूढ झाली. अशा पात्रास ऐतिहासिक साधन म्हणून कितपत मोल द्यावे, हा प्रश्न विचारार्ह आहे.

केवळ रूपांतर झाले म्हणून वस्तू अग्राह्य ठरत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील 'सुजेरचा गरुड' हे याचे उदाहरण होय. सें-दनी मठाचा अधिपती सुजेर याने १२व्या शतकात एका प्राचीन पॉर्फिरी कलशास सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे मस्तक व पंख जोडून त्यास गरुडाचे रूप दिले. तथापि त्याने त्यावर लेख कोरविला आणि आपल्या ग्रंथातही त्याची नोंद केली. तेथे मूळ इतिहासात नव्या इतिहासाची भरच पडली.

मेजावरील दिव्याची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी झाकण दूर होते, पोकळी साफ केली जाते, तळ भेदला जातो. आणि पुरावा बहुधा याच ठिकाणी असतो. १८९८ साली पिप्रहवा येथील स्तूपात मिळालेल्या एका दगडी करंडकाचा ब्राह्मी लेख झाकणावर आहे. बुद्धाचा व शाक्यांचा उल्लेख त्यातच येतो. बजौरमधील शिनकोट करंडकावरील खरोष्ठी लेख तर झाकणावर आणि पात्राच्या आतही आहेत. त्यांतील मिनँडरचे नाव असलेल्या भागाच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मग ज्याचे झाकणच गेले, त्या पात्राविषयी काय बोलावे?

म्हणून असा दिवा हाती येताच त्याची जोडणी काढून पात्र 'मूळ रूपात' आणण्याची घाई करू नये. छिद्राच्या कडांवरील हत्याराच्या खुणा, दिव्यावरील उत्पादकाची मुद्रा, तारेचे वेष्टन यांची आधी नोंद व्हावी. पुराणवस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला. भारताचा पुरावशेष कायदा १९७२ सालचा. पात्र त्यापूर्वी देशाबाहेर गेले होते काय, याचा निवाडा करताना ही जोडणी उपयोगी पडू शकते. जुनी जोडणी मागाहूनही बसविता येत असल्याने तिला कागदपत्रांचा दुजोरा मात्र हवा. ज्या हाताने एक पुरावा नष्ट केला, त्यानेच नकळत दुसरा मागे ठेविला, हे संशोधकाने विसरू नये.