गाठ एक, पेशी अनेक : स्तनाच्या कॅन्सरमधील पेशींची विविधता

स्तनातली कॅन्सरची गाठ बाहेरून एकच वाटते. आत मात्र वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी असू शकतात. काही औषधाला दाद देतात, काही देत नाहीत. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच असल्याने हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

विविधता येते कुठून?
पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका राहून जातात. एखाद्या चुकीमुळे पेशी जास्त तगली, तर तिचीच पिलावळ वाढत जाते. कॅन्सर असा टप्प्याटप्प्याने बदलत जातो, हा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडला.

एकेका पेशीची तपासणी
पूर्वी गाठीच्या तुकड्यातला सगळा डीएनए एकत्र तपासला जाई. भाजणीच्या पिठाकडे बघून त्यात कोणतं धान्य किती, हे सांगता येत नाही. तसाच हा प्रकार. निकोलस नॅव्हिन यांनी न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत, मायकेल विग्लर यांच्या हाताखाली पीएचडी करताना याच प्रश्नावर काम केलं. एकेका पेशीचं केंद्रक वेगळं काढून त्यातला डीएनए वाचण्याची पद्धत या गटाने विकसित केली. २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. एका गाठीतल्या १०० पेशींमध्ये कॅन्सर पेशींची तीन वेगळी कुळं सापडली. दुसऱ्या रुग्णात मात्र स्तनातली गाठ आणि यकृतात पसरलेली गाठ एकाच कुळातून वाढली होती. म्हणजे प्रत्येक गाठीची गोष्ट वेगळी.

रुग्णासाठी याचा अर्थ
सुईने घेतलेली बायोप्सी म्हणजे गाठीचा छोटा तुकडा. त्यावरून ईआर, पीआर आणि हर-२ हे रिपोर्ट येतात. ईआर १ टक्का पेशींत दिसला तरी रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ धरला जातो. म्हणून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न बघता टक्केवारीही डॉक्टरांकडून समजून घ्यावी. कॅन्सर उलटला किंवा पसरला, तर शक्य असेल तेव्हा नवी बायोप्सी करतात, कारण हे रिपोर्ट बदललेले असू शकतात.

उपचारासाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी जुने रिपोर्ट, स्लाइड आणि मेणातले ‘ब्लॉक’ सोबत न्यावेत. तिथल्या डॉक्टरांना त्यावरून फेरतपासणी करता येते.