गाडीची नोंद कुणाच्या हाती?

इ.स. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाच्या दरबारात महेंद्र सूरी या जैन मुनींनी ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. विषय अस्तुरलाब, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ आणि अक्षांश सांगणारं यंत्र. ही विद्या आपल्याकडे आली अरबी-फारसी जगातून. यंत्र ज्याच्या हातात, उत्तरही त्यालाच मिळायचं. आज अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांतल्या ट्रॅकरचं तसं नाही.

जीपीएस मुळात अमेरिकी लष्कराचं. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगन सरकारने ही यंत्रणा सर्वांना खुली करण्याचं जाहीर केलं. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, ती मे २००० मध्ये थांबली. शंभरेक मीटरच्या चुकीत गाडी एस.व्ही. रोडला आहे की मागच्या गल्लीत, हे कसं कळणार? २००७ मध्ये मुंबईत मेरू कॅब जीपीएस लावून धावू लागल्या, त्या या बदलानंतरच.

‘उपग्रह वरून बघतो’ असं अनेकांना वाटतं. तो काहीच बघत नाही. तो फक्त वेळेचे संदेश सोडतो. चार किंवा अधिक उपग्रहांचे संदेश पकडून गाडीतलं यंत्र स्वतःची जागा ठरवतं आणि आतल्या सिमकार्डावरून ती पुढे कळवतं. अंधेरी-कुर्ला रोडवर मेट्रोच्या पुलाखाली ठिपका कधी उड्या मारतो, तो याचमुळे.

चोरीची बाईक सापडणं हा फायदा सगळे सांगतात. मला दुसरा मोठा वाटतो. साकीनाका, जोगेश्वरीत भाड्याची रिक्षा चालवणाऱ्यावर ‘अपघाताच्या वेळी तू तिथेच होतास’ असा आळ आला, तर त्याच्या तोंडी सांगण्याला किती किंमत मिळते, हे आपल्या वस्त्यांना ठाऊक आहे. वेळेसकट नोंद असेल तर ती त्याची साक्षीदार होऊ शकते. (अर्थात ती गाडीची साक्ष, माणसाची नव्हे.)

१ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. तीनचाकींना मात्र सूट मिळाली. त्यामुळे भाड्याच्या रिक्षात ट्रॅकर असलाच, तर तो शेठने लावलेला आणि नोंद शेठच्या मोबाइलवर.

८ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने जामिनासाठी गूगल मॅप्सवरचं ठिकाण तपास अधिकाऱ्याला कळवत राहण्याची अट रद्द केली. आरोपीच्या खासगीपणाची एवढी कदर झाली. शेठ आणि चालक यांच्यात मात्र बहुधा तोंडी व्यवहारच असतो. रिक्षा हातात घेतानाच विचारावं: नोंद किती दिवस राहते, मला बघायला मिळेल का? नाही म्हणाले, तर गूगल मॅप्समधली टाइमलाइन सुरू करता येते. ती नोंद आता चालकाच्या स्वतःच्या फोनमध्येच साठते.