आर्चर ब्लड : ढाक्याहून निघालेली असहमतीची तार

'ब्लड टेलिग्राम' हे नाव १९७१ च्या रक्तपातावरून पडले असावे, असे अनेकांना वाटते. मित्रहो, ते एका माणसाचे आडनाव आहे. आर्चर केंट ब्लड हे त्या वर्षी ढाक्यातील अमेरिकी महावाणिज्यदूत होते. एका तारेने त्यांना इतिहासात स्थान दिले आणि त्याच तारेने त्यांच्या कारकिर्दीची वाट अडवली.

जन्म १९२३, शिकागो. शिक्षण व्हर्जिनिया विद्यापीठात, दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा आणि १९४७ मध्ये परराष्ट्र सेवेत प्रवेश. ग्रीस, जर्मनी, अल्जीरिया अशा नेमणुका झाल्या. साठच्या दशकाच्या आरंभी ते ढाक्यात राहून गेले होते, त्यामुळे १९७० मध्ये महावाणिज्यदूत म्हणून परतले तेव्हा शहर त्यांना परके नव्हते. बंडखोरीचा लवलेशही नसलेला, राजदूतपदाची स्वाभाविक आकांक्षा बाळगणारा हा शिस्तीचा अधिकारी होता. हे ध्यानात ठेवल्याखेरीज पुढच्या घटनांचे वजन कळत नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने लाखो माणसे गिळली. डिसेंबरच्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. म्हणजे संपूर्ण पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत त्यांचे स्पष्ट बहुमत झाले. सत्ता मात्र मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री याह्याखान यांच्या लष्कराने 'ऑपरेशन सर्चलाइट' सुरू केले.

त्या रात्री ब्लड यांच्या घरी पाहुणे जेवायला आले होते. रस्ते बंद झाल्याने ते तेथेच अडकले आणि सर्वांनी गच्चीवरून शहरावर झेपावणाऱ्या गोळ्यांच्या प्रकाशरेषा पाहिल्या. ढाका विद्यापीठावर हल्ला झाला. हिंदू विद्यार्थ्यांचे वसतिगृह असलेल्या जगन्नाथ हॉलमध्ये कत्तल झाली. परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढण्यात आले. त्यामुळे दूतावासाचे अहवाल हीच वॉशिंग्टनसाठी प्रत्यक्ष पाहिलेली बातमी उरली. २८ मार्चच्या तारेला ब्लड यांनी शीर्षक दिले : 'निवडक वंशसंहार'. दरम्यान काही अमेरिकी कर्मचारी भयभीत बंगाल्यांना आपल्या घरांत आसरा देत होते.

वॉशिंग्टनकडून उत्तर म्हणून केवळ मौन आले. कारण तेव्हा अज्ञात होते. निक्सन आणि किसिंजर यांना चीनशी संबंध जोडायचे होते आणि तो गुप्त दुवा याह्याखान यांच्यामार्फत चालला होता. त्याच जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेले. ढाक्यातील अधिकाऱ्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

व्हिएतनामवरून खात्यात खदखदणाऱ्या असंतोषाला वाट मिळावी म्हणून धोरणाविरुद्धचे मत अधिकृतपणे कळवण्याची सोय नुकतीच झाली होती. ६ एप्रिल रोजी ढाक्यातील वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी तिचा उपयोग केला. मसुदा स्कॉट बुचर या तरुण राजकीय अधिकाऱ्याचा होता. लोकशाहीचे दमन होत असता आपले सरकार निषेध करीत नाही, ते नैतिकदृष्ट्या दिवाळखोर ठरत आहे, असा त्याचा आशय होता.

येथे एक बारकावा आहे, जो बहुतेक जण गाळतात. या वीस सह्यांत ब्लड यांची सही नाही! त्यांनी स्वतंत्र टीप जोडली : ही मते मलाही मान्य आहेत, परंतु या कार्यालयाचा प्रमुख असेपर्यंत सही करणे मला उचित वाटत नाही. आणि पुढे शुद्ध व्यवहाराचा मुद्दा मांडला. या संघर्षाचा संभाव्य शेवट बंगाल्यांचा विजय आणि स्वतंत्र बांगलादेश हाच आहे. मग हरणाऱ्या पक्षाला एकतर्फी पाठिंबा देऊन आज हाती असलेली सदिच्छा का गमवायची? ब्लड यांना केवळ सहृदय ठरवणे मला म्हणूनच अपुरे वाटते. वास्तववादाचे आचार्य म्हणवणाऱ्या किसिंजर यांच्यापेक्षा त्या आठवड्यात वास्तव त्यांनाच अधिक स्पष्ट दिसत होते. डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, तरी १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झालीच.

वॉशिंग्टनमधील दक्षिण आशियाविषयक नऊ अधिकाऱ्यांनी तारेला लेखी पाठिंबा दिला, दिल्लीतील राजदूत केनेथ कीटिंग यांचेही मत त्याच दिशेचे होते. इकडे परराष्ट्रमंत्री रॉजर्स संतापले. तार फुटेल या धास्तीने तिच्यावरील गोपनीयतेची श्रेणी तातडीने वाढवण्यात आली. ब्लड यांना मुदत संपण्यापूर्वीच ढाक्यातून हलवून खात्याच्या कर्मचारी विभागात बसवले गेले. त्याच वर्षी परराष्ट्र सेवेच्या संघटनेने त्यांना हर्टर पुरस्कार दिला, म्हणजे सहकाऱ्यांनी गौरवले आणि सरकारने बाजूला सारले!

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते दिल्लीच्या दूतावासात उपप्रमुख झाले. राजदूतपद अखेरपर्यंत मिळाले नाही. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. २००२ मध्ये बांगलादेशाच्या जन्मावरील त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेही ढाक्यातून. ३ सप्टेंबर २००४ रोजी कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी ढाक्यातील अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले.