स्टोव्हच्या बुडाखालचे अक्षर

जुन्या बाजारातला पितळी स्टोव्ह हल्ली आरशासारखा चकचकीत करून ठेवलेला असतो. विकणारा तो शंभर वर्षांचा असल्याचे सांगतो आणि त्याला ‘प्रायमस’ म्हणतो. नावावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे पंपाच्या कुठल्याही स्टोव्हला प्रायमस म्हणत. ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ हेही स्वीडनचेच. त्यांच्या बरोबरीने पुढे देशी स्टोव्हही आले. खरी ओळख पटवायची तर स्टोव्ह उलटा करावा लागतो.

मूळ प्रायमस स्टॉकहोमचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ च्या सुमारास हा बिनवातीचा स्टोव्ह घडवला. पंपाने टाकीत हवा कोंबली की दाबाने रॉकेल वर चढते, आधी स्पिरिटने तापवलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक छिद्रातून ती फर्र आवाज करीत निळी जळते. वातीच्या स्टोव्हची काजळी गेली, हा त्याचा मोठा गुण. नॅन्सेनने तो उत्तर ध्रुवाकडे नेला आणि अमुंडसेनने दक्षिण ध्रुवावर. पण त्याचे खरे आयुष्य गेले ते चाळीच्या ओट्यावर.

१९११ पासून कारखाना टाकीच्या बुडावर वर्षाचे अक्षर ठोकू लागला. ‘ए’ म्हणजे १९११. सुरुवातीला एक अक्षर, पुढे दोन. हे वर्ष फक्त टाकीचे, हे ध्यानात ठेवावे. बर्नर जळतो, निपलचे छिद्र पिन मारून मारून मोठे होते, पंपाचा चामडी वायसर सुकतो; रस्त्याकडेचा रिपेरीवाला हे सारे बदलीत असे. परदेशी संग्राहक मूळ बर्नर नसेल तर किंमत उतरवतो. मला हे पटत नाही. तीन वेळा बर्नर बदललेला स्टोव्ह तीन बर्नरांइतका स्वयंपाक करून आलेला असतो. शिवाय आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत. टाकीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव नि साल सापडले, तर स्वीडनचे अक्षर आणि इथले साल यांतून एका वस्तूचा प्रवास मोजता येतो. पॉलिशवाला आधी नेमके हेच घासून काढतो. मग उरते ते पितळ, आणि त्याला भाव वजनाचा.

टाकीकडे असेच निरखून पाहण्याची गरज आणखी एका ठिकाणी पडत आली आहे. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत एका काळी इतके छापले जाई की वाचणाऱ्याची नजर त्यावरून पुढे सरकत असे. अपघात होतही. टाकी काठोकाठ भरलेली, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलेले, अर्धवट तापलेल्या बर्नरला मारलेला पंप, आणि वर नायलॉनची साडी. पण भाजून मरणाऱ्यांत सुनाच इतक्या का, हा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी लावून धरला. १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब हे कलम आले ते त्या रेट्यातून.

स्टोव्ह फुटला असेल, तर टाकीचा सांधा उकललेला किंवा पत्रा फुगलेला दिसायला हवा. टाकी शाबूत असेल, एअर स्क्रू घट्ट असेल, आत रॉकेल तसेच असेल, तर ‘फुटला’ हा शब्द टिकत नाही. मग निदान हे विचारावे लागते की रॉकेल अंगावर आले कुठून. संग्राहक ज्या खुणा पैशांसाठी तपासतो, त्याच या. फरक एवढाच की पंचनाम्यात ‘एक पितळी स्टोव्ह’ एवढेच लिहून भागले, तर टाकीचा सांधा, स्क्रू आणि उरलेले रॉकेल यांविषयी नंतर कोणालाच काही विचारता येत नाही.